माझा साडू ड्रम वाजवतो

अख्ख्या आखातात माझ्या साडूइतका गुणी माणूस दुसरा नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला जेवढा त्रास झाला तेवढा आजवर कुठलंही वाक्य लिहिताना झालेला नाही. साडू हे नातंच मुळात विचित्र. भाऊ जसा निवडता येत नाही तसा साडूही निवडता येत नाही. पण दोन भावांची तुलना करणारी निदान आई तरी असते, ती जरा सांभाळून घेते. साडूंच्या बाबतीत निकाल सासूच्या हातात. आमच्या सासूबाई डोंबिवलीहून अबू धाबीला आल्या, की शेजारच्या बायकांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "हे मोठे जावई, इन्शुरन्समध्ये आहेत." मग जरा पदर सावरतात, चेहऱ्यावर तेज येतं आणि म्हणतात, "आणि आमचे धाकटे जावई ड्रम वाजवतात!" आता वास्तविक तोही नोकरीच करतो. शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर तपासतो, संध्याकाळी माझ्यासारखाच घामट होऊन घरी येतो. आणि वास्तविक मीही गातो. नुसता गात नाही, तर ज्या बँडमध्ये हा ड्रम वाजवतो तो बँड मी काढलाय. नाव मी ठेवलंय, पहिला माइक मी विकत घेतलाय, आणि या माणसाला फोन करून 'अरे, ये ना वाजवायला' असं म्हणणारा शहाणाही मीच आहे. पण सासूबाईंच्या लेखी मी इन्शुरन्समध्ये आहे.

साडू मूळचा गुहागरकडचा. लहानपणी शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवला, तेव्हापासून जे हात सुरू झाले ते आजतागायत थांबलेले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली की स्टेअरिंग वाजतं. लिफ्टमध्ये शिरला की लिफ्टचा पत्रा वाजतो. जेवायला बसला की ताट, ताटानंतर टेबल, टेबलानंतर शेजारी बसलेल्याचा खांदा. एकदा आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे वडील गावाकडे वारले, त्यांना जाता आलं नाही, म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. मी गाडीत बसल्यापासून चार बऱ्या शब्दांची जुळवाजुळव करत होतो. तिथे सगळे खाली मान घालून बसलेले, आणि खिडकीतला जुना एसी एकाच लयीत धडधडतोय. मी साडूच्या गुडघ्याकडे बघितलं. बोटं सुरू झाली होती. आधी गुडघा, मग खुर्चीचा हात, मग समोरचा पाण्याचा पेला. अगदी हळू, पण चालू. मी डोळे वटारले, पायाने पाय दाबला, काही उपयोग नाही. आणि बघतो तर ज्यांचे वडील गेले ते गृहस्थच हलकेच मान हलवायला लागलेले. निघताना त्यांनी माझे चार शब्द ऐकून घेतले, 'हो हो' म्हणाले, आणि साडूचा हात मात्र दोन्ही हातांत धरून म्हणाले, बरं वाटलं तुम्ही आलात. म्हणजे सांत्वनाच्या बाबतीतही हा माणूस माझ्या पुढे!

घरातही तीच तऱ्हा. माझी मेहुणी ऋजुता, म्हणजे त्याची बायको, तिच्या स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात हरभराडाळ असते. कारण कुठल्या डब्यात काय किती भरलं की कसा आवाज येतो, हे लावून बघण्यात साहेबांची एक अख्खी सुट्टी गेलेली असते. दुसरी कुठली बाई असती तर तिने डबे डोक्यात घातले असते. ऋजुता कौतुकाने सांगते, की काय करणार, शिऱ्यात एकदा डाळ पडली, पण डबे मात्र छान वाजतात. आता आमच्याकडे बघा. मी आंघोळ करून येताना जरा गुणगुणायला लागलो, की माझ्या बायकोला, अनघाला, गॅसवरचं दूध आठवतं. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात वाढलेल्या, एकाच आईचे संस्कार. मग हा फरक कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. खरं ठसठसतं ते वेगळंच. हा माणूस जगातल्या वाटेल त्या वस्तूचं तोंड भरून कौतुक करतो. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार बंद होताना जे दोन ठोके पडतात, त्यांचं त्याला कौतुक. कोपऱ्यावरच्या पेशावरी टेलरच्या मशीनचं कौतुक. इराणी बेकरीतला माणूस तंदूरमध्ये रोटी कशी थापतो, ते ऐकायला तो खास वळसा घेऊन जातो आणि रोटी न घेताच परत येतो. वर्कशॉपमधल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्रेसरबद्दल तर तो असं बोलतो की ऋजुताने संशय घ्यावा. आणि एवढ्या कौतुक करणाऱ्या माणसाने माझं गाणं मात्र कधी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं, निदान भांडता आलं असतं. पण कार्यक्रम संपला की तो घाम पुसत यायचा आणि विचारायचा, "दादा, पार्किंग कुठे केलंय?" बस. लोकांच्या टाळ्या मला नको होत्या, असं खोटं मी बोलणार नाही, हव्याच होत्या. पण सगळ्यांत जास्त हवा होता तो याच्या तोंडचा एक शब्द. ज्याचा आपण हेवा करतो त्यानेच आपल्याला चांगलं म्हणावं, असं का वाटतं कोण जाणे. मला वाटायचं खरं.

आमच्या बँडचं नाव खारीक-खोबरं. खारीक इथली, खोबरं आमचं, असा हिशोब. की-बोर्डवर केरळचा बिजू, गिटारवर त्याचा एक दोस्त, गायला मी, आणि मागे हा. अबू धाबीच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवायचे तर वॉचमनच्या आधी शेजारीच वर येतात, म्हणून आम्ही तालमीला जायचो मुसफ्फातल्या एका गाद्यांच्या गोदामात. मालक इब्राहिमभाई, रायगडकडचे, श्रीवर्धनच्या बाजूचे. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या रचलेल्या. आत बॉम्ब फुटला तरी बाहेर ऐकू जाणार नाही. इब्राहिमभाई एका गठ्ठ्यावर मांडी घालून बसायचे आणि तालीम ऐकायचे. पहिल्याच दिवशी मी तीन गाणी म्हटली, छातीवर हात ठेवून म्हटली. इब्राहिमभाई दाढी कुरवाळत म्हणाले, "काय हात आहे हो या माणसाचा! माशाल्ला!" तेव्हापासून कडक चहा आला की पहिला कप साडूपुढे. मग बिजू, मग गिटार, आणि मी गायक आहे तेव्हा मला फार गोड चहा बरा नाही, असं कारण सांगून मला गरम पाणी.

आता वाजवतो कसा, हे सांगणं भाग आहे. सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगतो. बाकीचे ड्रमर गाणं पुढे ढकलतात. हा गाण्याच्या बाजूने चालतो, मध्येच थांबतो, काहीतरी उचलून बघतो आणि परत येऊन मिळतो. मधलं म्युझिक संपून अंतरा यायच्या जागी जगातले सगळे ड्रमर धडाधड बडवतात. हा तिथे हात वर उचलतो आणि मारतच नाही. अख्ख्या हॉलचा श्वास अडकतो. मग पुढच्या मात्रेला नुसती एक टिचकी, कडेच्या लाकडावर, आणि लोक खुर्चीतून अर्धे उठतात. मोठ्या ड्रमवर ओला पंचा टाकून त्यातून संबळाचा घुमारा काढतो. स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमचं कातडं ताणून त्याचा ताशा करतो. एका गाण्यात त्याने सिंबलला, म्हणजे त्या पितळी थाळीला, घराच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला, त्यातून असा काही झिणझिणता आवाज आला की बिजू वाजवायचा थांबून ऐकतच राहिला. त्या दिवशी जुडगा सिंबललाच राहिला आणि ऋजुता दोन तास जिन्यात बसून होती. पण तिने काय सांगावं? आवाज छान येत होता म्हणे!

एका कंपनीच्या वार्षिक समारंभातली गोष्ट सांगतो, म्हणजे माझं दुःख तुमच्या लक्षात येईल. बुफे नुकताच उघडला होता. मी एक संथ, हळवं गाणं घेतलं होतं, डोळे मिटून. हॉलमध्ये काटे-चमच्यांचा नुसता खणखणाट. लोक बिर्याणीकडे, आणि मी विरहात. अंतऱ्यावर आलो आणि हळूहळू खणखणाट थांबला. मला वाटलं, जिंकलं! इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली, माणसं जेवायची थांबली! मी आणखी घट्ट डोळे मिटले, आवाज आणखी हळवा केला. आणि मग तो खणखणाट पुन्हा सुरू झाला, पण आता अगदी तालात. डोळे उघडून बघतो तर काय, साडूने समोरच्या चमच्यांचे आवाज उचलून त्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली होती. प्लेटवर काटा पडला की हा सिंबलवर तस्साच टिणकन आवाज काढायचा. ते आधी दोघातिघांच्या लक्षात आलं, ते खायचे थांबले. मग अख्खा हॉल त्या खेळात शिरला. इकडून फिलिपिनो अकाउंटंट ग्लास वाजवतायत, तिकडून इजिप्शियन मॅनेजर बिर्याणीचा डाव वाजवतोय, आणि हा प्रत्येकाला उत्तर देतोय, ते सगळं माझ्या गाण्याच्या लयीत, माझा एकही शब्द न दाबता. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. कार्यक्रम झाल्यावर एका बाईंनी प्रेमाने व्हिडिओ पाठवला. त्यात पूर्ण गाणंभर साडू आहे, आणि उजव्या कडेला माझं कोपर आहे.

माझी मुलगी तेव्हा समोर बसली होती. गाडीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कसं झालं गं? ती म्हणाली, "काका वॉज इन्सेन! लाइक, टोटली इन्सेन!" मी वाट बघितली. मग तिच्या लक्षात आलं. "यू वेअर फाइन, बाबा." ते 'फाइन' मी अजून विसरलेलो नाही. इन्शुरन्समध्ये आम्ही ज्या गाडीला ओरखडासुद्धा नाही तिच्याबद्दल असं लिहितो.

आता माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल याचं गाणंच वाईट असेल. तसं नाही. सूर पक्का आहे. एकच गोष्ट आहे, आणि तीही बिजूच्या मते आहे. मुखडा झाला, मधलं म्युझिक झालं, की अंतरा उचलताना मी किंचित उशिरा येतो. कधी अर्धी मात्रा, कधी जास्त. बिजू बिचारा आडवळणाने सांगायचा, "दादा, आप थोडा लेट नहीं आते क्या?" मी त्याला सांगायचो, की याला ठहराव म्हणतात, भावगीत ऐकून वाढलेल्या माणसाला ते समजेल. मनातून मात्र मी सगळा दोष साडूवर टाकला होता. मधलं म्युझिक संपत आलं, की मागे याचं काहीतरी सुरू होणार. काहीतरी म्हणजे असं काही, की जे मागच्या तालमीत नव्हतं, कालच्या कार्यक्रमात नव्हतं, आणि उद्या विचारलं तर त्यालाही आठवणार नाही. आता ते चालू असताना मी मध्येच कसा घुसणार? त्याचं संपेपर्यंत मला थांबावं लागायचं. मी थांबायचो, टाळ्या तो घ्यायचा, आणि उशिरा येतो म्हणून नाव माझं खराब!

मग मी माझ्यापरीने उपाय केले. एकदा त्याला बाजूला घेऊन, थोरला साडू या नात्याने, शांतपणे सांगितलं की अरे, जरा साधं वाजव, गाणं ऐकू येऊ दे लोकांना. तो एकदम ओशाळला. बरं दादा, म्हणाला. त्या दिवशी त्याने खरोखर साधं वाजवलं, इतकं साधं की इब्राहिमभाईंनी गठ्ठ्यावरून उतरून त्याच्या कपाळाला हात लावला आणि ताप आहे का बघितलं. पुढच्या गाण्यापासून ये रे माझ्या मागल्या. मग एका हॉटेलने कळवलं, की आमच्याकडे वरच्या मजल्यावर गेस्ट असतात, ड्रम चालणार नाहीत. मी चेहरा जमेल तेवढा पाडला आणि ही बातमी सगळ्यांना सांगितली. घरी मात्र शीळ वाजवत होतो. कार्यक्रमाला साडू रिकाम्या हाताने आला, मला बरं वाटलं. मग तो हॉटेलच्या किचनमागे गेला आणि खजुराचे रिकामे लाकडी खोके घेऊन आला. एकावर बसला, दोन पुढे ठेवले, एक पायाशी. त्या संध्याकाळी लोकांनी तेच गाणं तीनदा म्हणायला लावलं. मी फुशारून जावं असं त्यात काही नव्हतं, कारण फर्माईश करताना ते खोक्यांकडे बोट दाखवत होते. अनघा घरी आल्यावर म्हणाली, की तू त्याच्याकडे इतका रागाने बघत होतास की मला वाटलं आता खोक्यात खजूर नसल्याबद्दल भांडशील.

आणि मग, गेल्या वर्षी, साडूची बदली झाली. त्याच्या कंपनीला डोंगरापलीकडे, फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्यांचे पंप सांभाळायचं काम मिळालं, आणि बिऱ्हाड तिकडे हलवणं भाग होतं. फोन आला तेव्हा मी 'अरेरे' म्हणालो. चांगलं लांबवून म्हणालो. निरोपाच्या जेवणाला इब्राहिमभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी साडूला एक चांगली गादी भेट दिली. मी छोटंसं भाषण केलं, त्यात 'पोकळी' हा शब्द दोनदा वापरला. साडूने सगळ्यांना मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी कानांत प्राण आणून उभा. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं यल्ला, चला, उशीर होतोय, आणि तो गाडीत बसला. तो शब्दही फुजैराला गेला.

नवीन ड्रमर मिळाला तो हुशार, शिस्तीचा, कानात इअरफोन घालून बसणारा. त्या इअरफोनमध्ये लॅपटॉपवरून टक-टक असा आवाज सतत चालू असतो, त्याबरहुकूम तो वाजवतो. एक मात्रा इकडे नाही, तिकडे नाही. पहिल्या तालमीला मुखडा झाला, म्युझिक झालं, आणि मी थांबलो. सवयीने थांबलो. आणि मागे काहीच झालं नाही. ताल आपला पुढे निघून गेला आणि मी फलाटावर राहिलो. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. नव्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "सर, यू आर लेट." ठहराव वगैरे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मग त्याने माझ्याही कानात तो इअरफोन घातला. टक, टक, टक, टक. मी रोज ऑफिसला जाताना, येताना ते ऐकत गायलो. सुरुवातीला जीव नकोसा झाला. पण माणूस कशालाही सरावतो. काही महिन्यांत मी असा वेळेवर यायला लागलो की बिजू चकित झाला. कार्यक्रम नीट व्हायला लागले. लोक शांतपणे जेवायचे, शेवटी टाळ्या वाजवायचे. व्हिडिओत मी पूर्ण दिसायला लागलो. एवढं सगळं मनासारखं झालं, आणि तरी गाणं संपलं की मला उगीच वाटायचं की आपण मागे वळून बघावं.

गेल्या थंडीत एका शनिवारी आम्ही फुजैराला गेलो. दोघी बहिणींचं फोनवर आधीच ठरलेलं होतं. साडू तिथल्या एका हॉटेलमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी वाजवतो, नवा बँड आहे, तो बघायचा, असा बेत. डोंगरातल्या रस्त्याने गाडी चालवताना मी स्वतःची तयारी करत होतो, की आता तिथे काय काय बघावं लागेल आणि किती कौतुक ऐकावं लागेल. हॉटेलच्या हिरवळीवर टेबलं मांडली होती. गायक तरुण, देखणा, आवाज मोकळा. साडू मागे, पांढऱ्या शर्टात. गाणं सुरू झालं. मुखडा, म्युझिक, आणि अंतऱ्याला तो तरुण बरोबर ठोक्यावर आला. साडूने साधा ताल धरला होता. दुसरं गाणं झालं, साधंच. तिसरं झालं. एकही हात हवेत थांबला नाही, एकही टिचकी नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरची मंडळी सॅलडबद्दल बोलत होती. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

मला आनंद झाला. हो, झाला! इतक्या वर्षांनी हा माणूस चारचौघांसारखा ड्रमर दिसत होता, आणि मी समोर बसून कोळंबी खात होतो. हा आनंद मला निदान जेवण संपेपर्यंत तरी पुरायला हवा होता. पण चौथ्या गाण्याला म्युझिक संपत आलं तसा मी खुर्चीत पुढे सरकलो, आता येईल, आता काहीतरी करेल, म्हणून. गायक वेळेवर आला. काही झालं नाही. आणि मला एकदम इतकं वाईट वाटलं की घास पुढे जाईना. मला उठून त्या गायकाला सांगावंसं वाटलं, की अरे बाबा, जरा थांब. तू कुणाला अडवतोयस ते तुला माहीत नाही.

मध्यंतरात साडू मला हॉटेलच्या मागे घेऊन गेला. तिथून समुद्र दिसतो, आपली पाळी यायची वाट बघत जहाजं उभी असतात. कागदी कपात चहा होता. मी विचारलं, काय रे, बरं नाही का? तो म्हणाला, नाही दादा, मस्त आहे सगळं. मग कपाकडे बघत म्हणाला, "इथला पोरगा चांगला गातो. अगदी टायमावर येतो. मग मला करायला काही उरतच नाही."

तोच पुढे सांगू लागला. तुमचं कसं होतं, म्हणाला, म्युझिक संपायचं आणि तुम्ही यायचाच नाहीत. कधी अर्धी मात्रा, कधी दीड. मला वाटायचं, आता काय करू, लोकांना कळता कामा नये. मग सुचेल ते वाजवायचो. मी जे काय बरं वाजवलंय ना, ते सगळं तिथेच.

"असा गायक परत मिळायचा नाही, दादा," तो म्हणाला.

झालं. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तडफडलो तो मिळाला, आणि तो माझ्या चुकीला मिळाला होता. म्हणजे मी त्याचं संपायची वाट बघत थांबत होतो, आणि तो मी येईपर्यंत वाजवत होता. पण तेही पूर्ण खरं नाही. तिथे उभा असताना मला स्वतःशी कबूल करावं लागलं, की वाट बघणं वगैरे मी बिजूला सांगायला ठेवलेलं कारण होतं. खरं म्हणजे मी ऐकत असायचो. माइक हातात, पाठ त्याच्याकडे, चेहऱ्यावर राग, आणि मी त्याचं वाजवणं ऐकत असायचो. पुढे काय करतोय ते ऐकण्याच्या नादात माझी जागा निघून जायची. हॉलमधल्या कुणाही माणसापेक्षा जास्त मन लावून मी त्याला ऐकलंय. हे त्याला तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, इथली हवा चांगली आहे रे, अबू धाबीपेक्षा कोरडी.

तो हो म्हणाला. मग म्हणाला, एखाद्या शनिवारी या ना गायला, दोनच गाणी, मी इथल्या पोराला सांगतो, पूर्वीसारखं करू. मी म्हणालो, इन्शाल्ला. त्याने माझा रिकामा कप हातातून घेतला आणि दोन्ही कप एकात एक घालून वाजायला गेला.

परतताना ऊन कलत होतं. रस्त्याला गाड्या कमी होत्या. डोंगर ओलांडल्यावर मी ते जुनं संथ गाणं गुणगुणायला लागलो. मुखडा म्हटला, मधलं म्युझिक तोंडाने वाजवलं, आणि ठरवून थांबलो. पण कानात ती टक-टक सुरू झाली आणि मी आलो. पुन्हा म्हटलं. मुद्दाम श्वास रोखला, दुसरीकडे लक्ष नेलं, पुढच्या ट्रकचा नंबर वाचला. पुन्हा बरोबर ठोक्यावर. तिसऱ्यांदा त्याचे हात आठवले, तो पंचा, ती टिचकी, हवेत थांबलेल्या त्या काठ्या, सगळं आठवलं, आणि तरीही मी बरोबर वेळेवर आलो.

अनघा खिडकीबाहेर बघत होती. आज तिला दूध आठवलं नव्हतं. तिने माझ्याकडे मान वळवली आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "किती छान गातोस रे हल्ली. आता अगदी वेळेवर येतोस."